दुसरं कुर्रर्र

१

व्हायरस म्हणजे भूत नव्हे. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की माझ्या नवऱ्याला ते झोपेत पाठ आहे. जुळे सोलापुरातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत मी बरीच वर्षं कॉम्प्युटरचा क्लास चालवला. पहिल्या दिवशी नव्या बायकांचा एकच प्रश्न असायचा, "इंद्रायणी मॅडम, हात लावला तर व्हायरस येतो का हो?" मी म्हणायची, "हात धुऊन आलात तर नाही येत." सगळ्या हसून घ्यायच्या आणि मग मी मुद्द्यावर यायची. बायांनो, तो माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम असतो. तो भिंतीतून येत नाही. आतून कुणीतरी कडी काढावी लागते. फुकट दिसलं म्हणून उतरवून घेता, न वाचता 'हो हो' दाबत जाता, तिथनं तो येतो.

क्लास बंद झाला तेव्हा एक कॉम्प्युटर आणि एक खुर्ची तेवढी ठेवली. ती खुर्ची बसलं की विव्हळते. गुरुवारी जेवणं उरकली, ओटा पुसला की मी त्या खुर्चीत बसून अँटिव्हायरसचा स्कॅन लावते. कुणी देवाला फुलं वाहतं, मी स्कॅन लावते. घरचे हसतात, हसू देत.

आमची अंकिता सातव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आणि तिचा पलंग त्याच खोलीत लागला. जावई अभिमन्यू पुण्यात नोकरीला. त्याच्याशी समोरासमोर बोलता यावं म्हणून मी स्क्रीनवर कॅमेरा बसवून दिला. सगळं घर त्या दिवसांत आनंदात होतं, मीसुद्धा.

२

एका गुरुवारी खुर्चीत बसले आणि पाहिलं तर कॅमेऱ्याच्या कडेचा हिरवा दिवा लागलेला. त्या कॅमेऱ्याचा दिवा नुसता माईक चालू असला तरी लागायचा. मी काही चालू केलेलं नव्हतं आणि अंकिता पुढच्या खोलीत पेपर वाचत होती.

स्कॅन लावला. अर्ध्यावर गेल्यावर लाल चौकोन आला. त्यात प्रोग्रॅमचं नाव मराठीत होतं, 'बाळाची नावं'.

"अहो, इकडे या जरा."

मानसिंग शेंगा फोडत बसले होते, परातीसकट आले. माणूस अकलूजकडचा, साखर कारखान्यात जन्म गेला. बायकोचा क्लास घरात असून एक दिवस बसले नाहीत.

"हे कुणी उतरवलं?"

"मीच की. फुकाट हुतं. राशीवरनं नावं सांगतंय, लई भारी हाय."

"त्यानं काय काय विचारलं तुम्हाला?"

"इचारलं कायबाय विंग्रजीतनं. मी आपलं व्हय व्हय केलं."

"माईकची परवानगी मागितली असेल."

"मागितली आसंल. नावं सांगायला लागत आसंल म्हनून दिली."

मी कपाळाला हात लावला. जगाला शहाणपण शिकवलं आणि माझ्याच घरात 'फुकट ते पौष्टिक'. म्हटलं, "तुम्ही फक्त शेंगा फोडा. या पेटीला हात लावायचा नाही."

"बरं की," म्हणाले आणि दोन दाणे तोंडात टाकून गेले. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाशी मला नीट भांडता आलेलं नाही.

३

असा प्रोग्रॅम सापडला की आधी नेटची वायर काढायची, म्हणजे जे बाहेर जायचं ते थांबतं. ती काढली. मग फोनवरनं बँकेचे आणि मेलचे पासवर्ड बदलले. आता काय काय चोरलंय ते बघायचं होतं. शोधता शोधता एक लपवलेलं फोल्डर सापडलं आणि त्यात आवाजाच्या फायली.

आमच्याच घराचे आवाज. कुकरच्या शिट्ट्या, अंकिताचं अभिमन्यूशी लाडिक बोलणं, नळाला पाणी आल्यावरची माझी धावपळ आणि आरडाओरडा. कुणा परक्या मेल्यानं हे ऐकलं असेल या विचारानं माझं डोकं भणभणलं. एकेक फाईल थोडी ऐकत मी पुढं जात होते.

मग एक फाईल आली, तिच्यावर अंकिताच्या डोहाळजेवणाची तारीख होती. त्या दिवशी आम्ही सगळे अकलूजला नणंदेकडं होतो. घराला कुलूप होतं, किल्ली माझ्या पर्समध्ये आणि कॉम्प्युटर निघायच्या घाईत चालूच राहिलेला.

म्हटलं, रिकामं घर कसं वाजतं ते तरी ऐकू. हेडफोन लावले. आधी नुसती खोलीची घुमी शांतता. खिडकीत पारवा घुमला. मग बांगड्या वाजल्या.

एक नाही, पुष्कळ बायकांच्या. त्यांची कुजबुज चाललेली आणि तिच्या मागं एक संथ आवाज, कुईं, कट. कुईं, कट. पाळण्याची साखळी कडीत फिरते तसा. आमच्या घरात पाळणा नव्हता. आमचा पाळणा करकंबला थोरल्या दिरांच्या माळ्यावर पडलेला.

कुणीतरी म्हणालं, "गोविंद घ्या." दुसरीनं उत्तर दिलं, "गोपाळ घ्या." बारशाला पाळण्याच्या वरनं-खालनं बाळ देताना म्हणतात ते. एक ताटली पडली आणि फरशीवर गोल गोल फिरत थांबली. पाठोपाठ एक पुरुष जोरात शिंकला आणि म्हणाला, "अय्यो रामा."

मी हेडफोन काढून पुढच्या खोलीकडं पाहिलं. मानसिंग परातीवर मान टाकून पेंगत होते. शिंकून झाल्यावर असं म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिलाय.

पुन्हा हेडफोन लावले. आत्या बाळाच्या कानाशी तोंड नेऊन करते तो आवाज आला, "कुर्रर्र", आणि तिच्या पाठीवर धपाधप थापा, नाव त्या गलक्यात बुडालं. बायका हसल्या. "चला चला, पानं वाढलीत." पावलं बाहेर गेली. दार ओढून घेतलं. आता फक्त पाळणा. कुईं, कट. एक खुर्ची विव्हळली.

आणि अगदी माईकपाशी, इतक्या जवळ की माझा कान गरम झाला, पुन्हा कुणीतरी "कुर्रर्र" केलं. बाईचा आवाज नव्हता आणि बुवाचाही नव्हता. घाई नव्हती त्याला.

मी फाईल थांबवली. पुढं ऐकलं नाही. मी भ्याले, सरळ सांगते.

मग डोकं चालवलं. कॉम्प्युटर जुना, आतला सेल गेला की तारखा चुकतात. असले प्रोग्रॅम दहा घरांत शिरतात, कुणाच्या घरचं बारसं कुणाच्या फोल्डरात येऊन पडलं असेल. शिंका काय, साऱ्या जिल्ह्यात लोक शिंकतात. हे सगळं मला पटलं. तरी उठले आणि नियमानं जे करायचं ते केलं. फायली कायमच्या पुसल्या, सगळी डिस्क फॉरमॅट केली, विंडोज नव्यानं टाकलं. कॅमेरा उपसला आणि भंगारवाल्याला देऊन टाकला.

"गेला का गं व्हायरस?" अंकितानं विचारलं.

"गेला," मी म्हटलं.

४

मुलगी झाली. नाकीडोळी नीटस, केस दाट. मानसिंगनी करकंबहून पाळणा आणला आणि मागच्या खोलीत छताच्या कडीला टांगला. पहिला झोका दिला आणि तो वाजला. कुईं, कट.

मी साखळीला तेल घातलं. एक दिवस गप्प होता, मग पुन्हा वाजायला लागला.

"बारसं हॉलमध्ये करू," मी म्हटलं.

"हॉलमदी कडी कुटंय?" मानसिंग म्हणाले. "पाळना काय पंख्याला बांदतीस?"

बाळाला न्हाऊ घालायला सोनाबाई यायची. दांडगी बाई, तोंडाची टकळी कधी बंद नाही. पायावर बाळ पालथं घालून तेल चोळता चोळता तिनं अंकिताला दम दिला, "ताई, बारशाआदी लेकराला नावानं हाक मारायची न्हाय. आमच्यात म्हंत्यात, पहिली हाक ज्याची, लेकरू त्याचं."

अंकिता हसली. नाव तिनं मनात ठरवलेलं होतं, मलासुद्धा सांगितलं नव्हतं. मला एरवी असल्या बोलण्याचा राग येतो. त्या दिवशी मी नुसती गरम पाण्याची बादली पुढं सरकवली.

५

बारशाला अभिमन्यूची बहीण वैजयंती आली, बाळाची आत्या. मोठी गोड मुलगी. खोलीत बायका मावेनात. पुरणाचा आणि घुगऱ्यांचा वास, उन्हाळ्याचा उकाडा, पाळण्याला शेवंतीच्या माळा. मी कॉम्प्युटरचा प्लग आधीच काढून ठेवला होता आणि वरनं चादर टाकली होती.

"गोविंद घ्या," माझी नणंद म्हणाली.

"गोपाळ घ्या," वैजयंतीनं बाळ घेतलं.

सोनाबाईच्या हातातली ताटली निसटली आणि फरशीवर गोल गोल फिरत थांबली. मला पुढचं ठाऊक होतं. मी दाराकडं पाहिलं. मानसिंग उंबऱ्यात उभे राहून कौतुकानं बघत होते. त्यांचं नाक आक्रसलं, आणि ते शिंकले.

"अय्यो रामा."

ओरडावं वाटलं, पण ओरडून सांगू काय? वैजयंती वाकली, "कुर्रर्र," आणि तिनं नाव सांगितलं, नीरजा. बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, सगळ्या हसल्या. चला चला, पानं वाढलीत, असं कुणीतरी म्हणालं.

"तुम्ही व्हा पुढं, मी बसते बाळाजवळ," मी म्हटलं.

"अगं आई, झोपलीय ती, चल की."

"मी बसते म्हटलं ना."

मी जरा जोरात बोलले असेन, कारण अंकिता माझ्याकडं बघत राहिली आणि मग गेली. बाळाला गलका नको म्हणून सोनाबाईनं जाताना दार ओढून घेतलं. पाळणा आपल्या लयीत हलत होता. माझ्या मनात एवढंच होतं की खोली रिकामी सोडायची नाही. मी बसले, खुर्ची विव्हळली, आणि तेव्हा मला कळलं की त्या फाईलमधली खुर्ची माझीच होती. खोली तेव्हाही रिकामी नव्हती.

मी पाळण्याच्या काठाला घट्ट धरलं. मला काही ऐकू आलं नाही, देवाशपथ काही नाही. बाहेर पंगतीचा आवाज, आत पंख्याची घरघर. पण बाळानं डोळे उघडले. तिच्या कुंचीची उजव्या कानाशी असलेली नाडी हलली, सरळ, आत गालाकडं. पंखा डावीकडं होता. नाडी कुणाच्या तरी श्वासानं हलावी तशी थोडा वेळ हलत राहिली. बाळ डोळे मोठे करून ऐकत होतं.

मग ती हसली. मी तिला उचललं आणि छातीशी धरून तशीच पंगतीत जाऊन उभी राहिले. सगळ्यांना वाटलं आजीला उमाळा आला.

६

नीरजा वाढत होती. वजन, उंची, सगळं ठीक. फक्त हाकेला ओ नाही.

आधी आम्ही म्हटलं, लहान आहे. मग टाळ्या वाजवल्या, खुळखुळे आणले, मानसिंगनी तिच्या मागं उभं राहून ताट बडवलं. ती दचकायची, पण वळून बघायची नाही. कुणी खिडकीबाहेरनं ओळख नसलेल्या माणसाला हाक मारली तर आपण जसे आपलं काम करत राहतो तशी ती आपल्या पायाच्या बोटांशी खेळत राहायची.

सात रस्ता चौकातल्या कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी डोक्याला वायरी लावून तपासलं. "कान उत्तम आहेत. ऐकू येतंय तिला."

"मग बघत का नाही?" अंकितानं विचारलं.

"आपलं नाव ओळखत नसेल अजून. हाक मारत राहा."

आम्ही मारत राहिलो. नीरजा, नीरू, चिमणे, ठकू, बाबडे. मानसिंग तर दिवसभर तिला मांडीवर घेऊन शिकवायचे, "नीरजा म्हनलं की म्हनायचं ओ. म्हन ओ." ती त्यांच्या मिशीकडं बघायची आणि नजर काढून घ्यायची. आजोबांचं तोंड मग एवढंसं व्हायचं. मला ते बघवायचं नाही.

अंकिता तिला पुण्याला घेऊन गेली तर पोरगी जेवेना, झोपेना. परत आणली. मागच्या खोलीत जमिनीवर सोडल्याबरोबर ती रांगत कॉम्प्युटरच्या कोपऱ्याकडं गेली, तिथं बसली आणि मान तिरकी करून ऐकायला लागली. अधनंमधनं हसायची. आमच्यापैकी कुणाकडं बघून ती तसं कधी हसली नाही.

एकदा तिला असं बसलेलं बघून अंकिता दारात खाली बसली. "आई, मी हिला पोटात वाढवली. हिला वाटतं मी घरातली बाई आहे, दूध देणारी."

मी तिला जवळ घेतलं. पोरीचं एक नाव होतं, ज्याला तिनं ओ दिली असती. ते या खोलीत सांगितलं गेलं होतं. एका फाईलमध्ये, दुसऱ्या कुर्रर्रनंतर, अर्ध्या मिनिटाच्या आत ते आलं असतं. ती फाईल माझ्याकडं होती आणि मी ती नियमानं पुसली होती.

७

पुसलेल्या फायली परत आणायचे प्रोग्रॅम असतात. मी सगळे लावून बघितले. फॉरमॅट करून वर नवीन टाकलं की खालचं काही हाताला लागत नाही, हे मीच क्लासमध्ये शिकवत होते. तेच झालं.

मग मी आसरा चौकातनं नवीन कॅमेरा आणला. दुपारी अंकिता आणि बाळ झोपल्यावर मागच्या खोलीत जाऊन नेटची वायर लावली आणि 'बाळाची नावं' शोधून काढलं. अजून तिथंच होतं, फुकट. उतरवायला गेले तर अँटिव्हायरसनं लाल चौकोन दाखवला, धोका आहे, घेऊ नका. मी अँटिव्हायरस बंद केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. प्रोग्रॅमनं विचारलं, हे वापरू का, ते बघू का. मी हो म्हटलं. माईकची परवानगी मागितली. मी त्यालाही हो म्हटलं. कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लागला.

चोर आहे, हे मला ठाऊक होतं. पण माझ्या नातीचं नाव त्याच्याकडं होतं, आणि मला ते हवं होतं. एवढंच.

घर रिकामं असलं की त्याला मोकळं वाटत असावं, असा मी हिशेब केला. म्हणून सगळ्यांना करकंबला थोरल्या दिरांकडं जाऊन येऊ म्हटलं. मानसिंग खूश झाले. डबा बांधला, पाण्याच्या बाटल्या भरल्या. रिक्षा खाली येऊन थांबली.

"कॉम्प्युटर बंद केलास न्हवं? वायरी काडल्यास?" जिन्यात मानसिंगनी विचारलं. माझ्याच धाकानं लागलेली सवय.

"काढल्या," मी म्हटलं.

अंकिता बाळाला खांद्यावर घेऊन दोन पायऱ्या खाली उतरली होती. बाळाचं तोंड माझ्याकडं, म्हणजे दाराकडं होतं. मी दार ओढलं, कुलूप अडकवलं, किल्ली फिरवली. आतनं काही आवाज आला नाही, मी कान देऊन ऐकत होते.

मी वळले. नीरजानं मान वर केली. माझ्या खांद्यावरनं तिनं बंद दाराकडं पाहिलं, तिचा चेहरा उजळला, आणि ती स्पष्ट म्हणाली, "ओ."

"बघ की, बघ की," मानसिंग खालनं म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "शिकली माजी बाय. कुनी हाक मारली गं तिला?"